ब्राझील देशांतील वैद्यक-संशोधनाची गुरुपरंपरा



१८९६ सालीं मुंबईच्या मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, जी भयंकर साथ उद्भवली तिच्या कथा आपणांपैकीं पुष्कळांनीं आजीआजोबांच्या तोंडून ऐकल्या असतील. डॉ. हाफकिन ह्यांनीं १८९७ च्या जानेवारींत आपली लस प्रथम स्वतःसच टोचून घेतली व पुढें १८९९ सालीं परळास त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली, हेंहि सर्वश्रुत आहे. परंतु हीच साथ जहाजांतील उंदरांच्या सोबतीनें बंदरामागून बंदर ओलांडीत त्याच १८९९ सालीं दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील देशाच्या सांतोस बंदरीं जाऊन पोहोंचली, आणि आपल्याकडे तिच्यामुळें जसें परळ झालें तसें तिकडे मांगीन्योस झालें, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाहीं.

मांगीन्योस हें रिओ-दि-जानेरो शहराबाहेरील खाडीकांठच्या एका शेताचें नांव. पोर्तुगीज भाषेंत त्याचा अर्थ लहान तिवरांची जागा असा होतो. तेथील इमारतींचें वर्णन करण्याचा किंवा तेथें लागलेल्या शोधांची यादी वाचण्याचा माझा विचार नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. जंतुशास्त्रांत माझी गति ती काय! पण पस्तीस वर्षें मुलांना शिकविण्यांत गेलीं, त्यामुळें कोणत्याहि शोधाची हकीकत वाचतांना, तो लावणाऱ्यास प्रथम दाराच्या आंत कोणीं घेतलें, हा प्रश्न माझ्या मनांत आधीं उभा राहतो. ब्राझीलच्या इतिहासांत ह्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ ठिकाणीं स्पष्ट सांपडतें, आणि तें प्रत्येक वेळीं सुखदच असतें असें नाहीं.

ओस्वाल्दो क्रूझ ह्यांचा जन्म १८७२ सालचा. वडील डॉक्टर होते. विसाव्या वर्षीं वैद्यकाची पदवी घेतांना पाण्यांतील सूक्ष्म जंतूंवर त्यांनीं प्रबंध लिहिला, व १८९६ सालीं पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें जाऊन ते डॉ. रू ह्यांच्या हाताखालीं शिकूं लागले. १८९९ त ते मायदेशीं परत येतात तोंच सांतोसची साथ पुढें उभी. देशांतच प्लेगची लस व रक्तद्रव तयार करावयाचें ठरलें, तेव्हां एखादा तज्ज्ञ पाठवावा अशी विनंति पॅरिसला करण्यांत आली. तुम्हांस हवा असलेला माणूस तुमच्याच देशांत आहे, असें रू ह्यांनीं उत्तर धाडल्याचें सांगतात. गुरूनें शिष्याविषयीं दिलेलें इतकें आटोपशीर प्रशस्तिपत्र माझ्या तरी वाचनांत दुसरें नाहीं. १९०० सालीं मांगीन्योसची संस्था सुरू झाली आणि १९०२ त तिचीं सर्व सूत्रें क्रूझ ह्यांच्या हातीं आलीं. त्या वेळीं त्यांचें वय अवघें तीस वर्षांचें होतें.

१९०३ सालीं सरकारनें त्यांस सार्वजनिक आरोग्य-खात्याचे मुख्य नेमिलें. डांसांचा नायनाट करून राजधानींतून पीतज्वर घालवावयाचा, ही त्यांची प्रतिज्ञा १९०७ पर्यंत बहुतेक तडीस गेली. परंतु देवी काढण्याची सक्ति करणारा कायदा १९०४ सालीं होतांच नोव्हेंबरांत रिओच्या रस्त्यांत मोठी दंगल उसळली. ट्रामगाड्या उलथून पडल्या, माणसें मेलीं, आणि सक्ति मागें घ्यावी लागली. पुण्याच्या श्रोत्यांना १८९७ सालची आठवण करून द्यावयास नकोच. रोग्याच्या भल्यासाठीं कां होईना, पण घरांत घुसणारा सरकारी माणूस लोकांस शत्रु वाटतो. आणि लोकांची समजूत घालण्याची हातोटी क्रूझ ह्यांच्या अंगीं मुळींच नव्हती, असें माझें मत आहे. प्रयोगशाळेंत मात्र हाच मनुष्य अगदीं निराळा असे.

त्या काळीं तेथील वैद्यकाच्या विद्यार्थ्यास पदवीसाठीं प्रबंध लिहावा लागे. विद्यालयांत व्याख्यानांना तोटा नव्हता. परंतु सूक्ष्मदर्शक यंत्रापुढें दिवसचे दिवस बसावयास मिळावें, ही सोय तुटपुंजी होती. ती मांगीन्योसला मिळे. क्रूझ अशा तरुणांना बसावयास टेबल देत, हातीं यंत्र देत, विषय सुचवीत, व मग त्यांना आपापल्या वाटेनें जाऊं देत. परदेशांतून आलेलीं शास्त्रीय मासिकें एकेकानें वाचावीं व त्यांतील सार इतरांपुढें मांडावें, असा परिपाठ त्यांनीं घालून दिला. १९०८ सालापासून डॉक्टरांकरितां व विद्यार्थ्यांकरितां रीतसर अभ्यासक्रमहि सुरू झाला. त्याच वर्षीं संस्थेला क्रूझ ह्यांचें नांव देण्यांत आलें.

१९०२ सालीं असाच एक विद्यार्थी प्रोफेसर मिगेल कोउतो ह्यांची चिठ्ठी खिशांत घालून तेथें दाखल झाला. कार्लोस शागास त्याचें नांव. मिनास झेराइस प्रांतांतल्या कॉफीच्या मळ्यावर वाढलेला हा मुलगा. वडील लहानपणींच वारले होते. मुलानें इंजिनिअर व्हावें अशी आईची इच्छा, व मामाच्या ओढीनें हा वैद्यकाकडे वळलेला. क्रूझ ह्यांनीं त्याला हिवतापाच्या रोग्यांच्या रक्ताचा विषय दिला. १९०३ त प्रबंध पुरा झाला. क्रूझ ह्यांनीं त्यास संस्थेंत जागा देऊं केली, आणि शागासनें ती चक्क नाकारिली! त्याला रोगी तपासावयाचे होते, यंत्राला डोळा लावून जन्म काढावयाचा नव्हता. दुसरा एखादा गुरु येथें रुसून बसता. क्रूझ ह्यांनीं रुसवाहि धरला नाहीं व आग्रहहि केला नाहीं. दोन वर्षांनीं सांतोसजवळ वीज निर्माण करण्याच्या कारखान्याचें बांधकाम हिवतापामुळें अडून पडलें, तेव्हां त्यांनीं ह्याच पोराची आठवण केली. ज्याला रोग्यांत राहावयाचें आहे त्याला रोग्यांतच पाठवावें, एवढा साधा हिशेब. डांस मनुष्याला गांठतो तो मुख्यतः घरांत, म्हणून घरांतच त्याला मारला पाहिजे, हें तेथें शागासच्या लक्षांत आलें. तापाला आळा बसला व अडलेलें काम पुढें चाललें. मग मात्र गडी आपण होऊन मांगीन्योसला आला.

१९०७ सालीं त्याची पुन्हा रवानगी झाली. मिनास प्रांतांत लोहमार्ग टाकण्याचें काम चालू होतें, आणि लासांसी नांवाच्या गांवाजवळ मजुरांना हिवतापानें घेरलें होतें. रेल्वेचा एक डबा हेंच शागासचें घर, हाच त्याचा दवाखाना व हीच प्रयोगशाळा. असा तो तेथें राहत असतां एका इंजिनिअरनें त्याला एक किडा दाखविला. गरिबांच्या कुडाच्या भिंतींच्या भेगांतून हा दिवसा लपून बसे, व रात्रीं दिवा मालवला कीं बाहेर पडून झोपलेल्यांचें रक्त पिई. तो बहुधा तोंडावर चावे, म्हणून लोक त्याला ‘बार्बेरो’, म्हणजे न्हावी, म्हणत. शागासनें ह्या किड्याचीं आंतडीं तपासलीं, तों त्यांत चाबकासारखी शेपटी असलेले सूक्ष्म जीव वळवळतांना दिसले.

आतां हे जीव दुसऱ्या प्राण्याच्या अंगांत रोग उत्पन्न करतात कीं काय, हें पाहावयाचें तर निरोगी माकडें हवींत. आणि लासांसीच्या रानांतल्या लहान माकडांच्या रक्तांत त्याच जातीचा दुसरा एक जंतु शागासला आधींच सांपडला होता. तेथें केलेल्या प्रयोगावर कोणीं विश्वास ठेवावा? म्हणून त्यानें किडे मांगीन्योसला क्रूझ ह्यांच्याकडे धाडले. संबंध देशाचें आरोग्य-खातें सांभाळणाऱ्या ह्या गृहस्थानें आपल्या शिष्याचे किडे माकडांना चाववून घेतले व कांहीं आठवड्यांनीं कळविलें कीं, माकड आजारी आहे, रक्तांत जंतु आहेत. शागास तांतडीनें राजधानीस आला व जंतु अगदीं नवाच असल्याचें त्यानें ओळखलें. त्याला त्यानें ‘ट्रिपॅनोसोमा क्रूझी’ असें गुरूचें नांव दिलें.

मग लासांसीस परतून त्यानें माणसांत शोध सुरू केला. १९०९ सालच्या एप्रिलच्या १४ तारखेस बेरेनिसी नांवाच्या दोन वर्षांच्या तापलेल्या मुलीच्या रक्तांत तोच जंतु सांपडला. रोगाचा जंतु, तो वाहून नेणारा किडा व स्वतः रोग, हीं तिन्हीं एकाच माणसानें शोधून काढावीं, असें वैद्यकाच्या इतिहासांत क्वचितच घडतें. आठच दिवसांनीं क्रूझ ह्यांनीं राष्ट्रीय वैद्यक परिषदेपुढें जाऊन ही वार्ता स्वतः जाहीर केली. परंतु मला ह्या हकीकतींत सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अगदीं लहान आहे. निर्णायक प्रयोग गुरूच्या देखरेखीखालीं त्याच्या संस्थेंत झाला होता. तरी नव्या जंतूविषयींच्या पहिल्या लेखावर नांव एकट्या शागासचें आहे. वरिष्ठांचें नांव वर व काम करणाऱ्याचें खालीं, ही रीत ज्यांना परिचित आहे त्यांना ह्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. ती लहान बेरेनिसी पुढें सत्तरी ओलांडीपर्यंत जगली, हेंहि येथेंच सांगून टाकतों.

१९१७ सालीं क्रूझ वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं मूत्रपिंडाच्या विकारानें वारले व शागास संस्थेचे मुख्य झाले. पाठीशीं गुरु नाहीं असें पाहून १९२२ च्या सुमारास वैद्यक परिषदेंतीलच कांहीं जणांनीं त्यांच्या शोधाविषयीं शंका काढल्या व मोठें वादंग माजविलें. त्यांतील शास्त्र किती व मत्सर किती हें आपण सोडून देऊं. १९३४ सालीं शागास गेले, आणि त्यांचा रोग किती लोकांना होतो ह्याची खरी कल्पना जगास त्यानंतर आली.

मांगीन्योसच्या इतर शिष्यांपैकीं दोघांचाच उल्लेख करतों. आल्सीदिस गोदॉय ह्यांनीं जनावरांच्या फऱ्या रोगावर लस काढिली व तिचे हक्क संस्थेच्या स्वाधीन केले. त्या लसीच्या विक्रीच्या पैशांवर संस्थेंतले कित्येक तरुण पुढें वर्षानुवर्षें पोसले गेले. सरकारी अंदाजपत्रकांत त्यांच्या वेतनाची सोय नव्हती. दुसरा गास्पार व्हिआना. त्वचा व नाक झडविणाऱ्या लाइशमानिया रोगावर सुरम्याचें एक क्षार, टार्टार एमेटिक, शिरेंतून दिल्यास गुण येतो, हें त्यानें १९१२ सालीं दाखविलें. १९१५ पासून कलकत्त्यास रॉजर्स ह्यांनीं काळा आजारावर तेंच औषध वापरलें, व पुढें उपेंद्रनाथ ब्रह्मचारी ह्यांनीं सुरम्याचेंच अधिक चांगलें औषध तयार करून आसाम-बंगालमधील असंख्य लोकांचे प्राण वांचविले. व्हिआना हें पाहावयास नव्हता. शवविच्छेदन करतांना झालेल्या संसर्गानें १९१४ सालीं, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षीं, तो मरण पावला होता.

आतां रिओ सोडून थोडा वेळ साओ पाउलो प्रांतीं जाऊं. कारण तेथें दुसरी एक परंपरा त्याच सांतोसच्या साथींतून निघाली. साथीचा तपास करावयास गेलेल्या डॉक्टरांत वितल ब्राझील नांवाचे एक गृहस्थ होते. त्यांना स्वतःलाच प्लेग झाला व त्यांतून ते वांचले. १९०१ सालीं बुतांतान येथील संस्था त्यांच्या हातीं आली. फ्रान्समध्यें नागाच्या विषावर तयार केलेला रक्तद्रव ब्राझीलच्या सापांपुढें लटका पडतो, ज्या सापाचें विष त्याचाच उतारा हवा, हें त्यांनीं सिद्ध केलें. त्यांतून बुतांतानला सापांचें विष सांठविण्याची व अभ्यासण्याची प्रथा पडली.

हें विष पुढें कोठवर गेलें पाहा. १९४८ सालीं मॉरिसिओ रोशा इ सिल्वा व त्यांचे सहकारी बेराल्दो आणि बुतांतानचे रोझेनफेल्ड ह्यांनीं जराराका नांवाच्या सापाचें विष रक्तांत मिसळलें असतां एक नवाच पदार्थ निर्माण होतो असें पाहिलें. हा पदार्थ आंतड्याचें सावकाश आकुंचन करतो, म्हणून ग्रीक भाषेंतील मंद ह्या अर्थाच्या शब्दावरून त्याला ‘ब्रॅडिकायनिन’ म्हणूं लागले. तो रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवितो, परंतु क्षणार्धांत नाश पावतो. पुढें रोशा इ सिल्वा रिबेरांव प्रेतो ह्या गांवीं नव्या वैद्यक विद्यालयांत शिकवावयास गेले. तेथें त्यांच्या हाताखालीं सेर्जिओ फेरैरा हा तरुण होता. त्याच सापाच्या विषांत ब्रॅडिकायनिनला टिकवून धरणारें असेंहि कांहीं द्रव्य आहे, हें फेरैरानें १९६५ सालीं दाखविलें. नंतर हें द्रव्य बरोबर घेऊन तो लंडनला जॉन वेन ह्यांच्या प्रयोगशाळेंत गेला. तेथून धागा अमेरिकेंतील एका औषधी कंपनीच्या शास्त्रज्ञांच्या हातीं गेला, व १९७५ सालीं कॅप्टोप्रिल हें रक्तदाबाचें औषध तयार झालें. ज्यांच्या नांवाच्या शेवटीं ‘प्रिल’ हीं अक्षरें येतात त्या सर्व गोळ्या ह्याच घराण्यांतल्या. श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरीं रोज सकाळीं त्यांतली एखादी घेतली जात असेल. पेटंट व पैसा ब्राझीलच्या वांट्यास आला नाहीं. फेरैरा मात्र मायदेशीं परतले व रिबेरांव प्रेतो येथेंच त्यांनीं जन्मभर शिष्य तयार केले.

येथपर्यंतची कथा ऐकून कोणास वाटेल कीं ही गंगा अखंड वाहत आली. तसें नाहीं. १९६४ सालीं ब्राझीलमध्यें लष्करी सत्ता आली. ओस्वाल्दो क्रूझ ह्यांचे पुत्र वॉल्टर वडील वारले तेव्हां सात वर्षांचे होते. पुढें ते मांगीन्योसलाच रक्तविकारांचे अभ्यासक झाले. अंकुशकृमींनीं होणाऱ्या पांडुरोगावर त्यांनीं मोठें काम केलें, व त्यांच्याभोंवतीं विद्यार्थ्यांचा मेळा जमत असे. नव्या राजवटींत त्यांची प्रयोगशाळा गेली, आणि १९६७ सालीं ते वारले. १९७० सालच्या १ एप्रिलला त्याच संस्थेंतील दहा शास्त्रज्ञांचे नागरिकत्वाचे राजकीय हक्क हिरावून घेऊन त्यांना कामावरून दूर करण्यांत आलें. त्यांतील हेर्मान लेंट ह्यांनीं पुढें ह्या प्रकरणावर जें पुस्तक लिहिलें त्याला ‘मांगीन्योसचें हत्याकांड’ अशा अर्थाचें नांव दिलें आहे. त्यांत कोणाचा वध झाला नव्हता. पण एक अनुभवी शिक्षक घालविला म्हणजे त्याच्या हाताखालून जे वीस-पंचवीस तयार व्हावयाचे तेहि गेले, हा हिशेब कोणत्याहि दप्तरांत लिहिला जात नाहीं. त्या दहा जणांना १९८६ सालीं सन्मानानें परत बोलाविलें. मधलीं सोळा वर्षें मात्र कोणासच परत देतां आलीं नाहींत.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावयाचें आहे. शागासच्या खिशांत एक चिठ्ठी होती, हें मीं मघाशीं सांगितलें. चिठ्ठी वाईट नव्हे. पण ती ज्याला मिळते तो बहुधा डॉक्टरांच्या, मळेवाल्यांच्या, निदान ओळखीपाळखीच्या घरचा मुलगा असतो. ज्या देशांत गुलामगिरी १८८८ सालीं नाहींशी झाली, तेथें चिठ्ठी नसलेलीं मुलें किती असतील ह्याची कल्पना करावी. १९५१ सालीं तेथील सरकारनें राष्ट्रीय संशोधन मंडळ स्थापिलें, व विद्यालयांत शिकत असतांनाच एखाद्या संशोधकाच्या हाताखालीं काम करणाऱ्यांना वेतन मिळूं लागलें. ह्याला ते लोक ‘शास्त्रदीक्षा’ अशा अर्थाचें नांव देतात. शब्द मला आवडला. परंतु महाविद्यालयापर्यंत जो पोहोंचलाच नाहीं त्याला दीक्षा कोण देणार?

हा प्रश्न मनावर घेणाऱ्यांत लिओपोल्दो दि मैस हे एक होते. इजिप्तमध्यें जन्मून लहानपणीं ब्राझीलला आलेल्या ह्या गृहस्थांनीं विद्यार्थी असतांना वॉल्टर क्रूझ ह्यांच्याच हाताखालीं धडे घेतले होते. पुढें रिओच्या विश्वविद्यालयांत जीवरसायनाचे प्राध्यापक असतां १९८५ सालीं त्यांनीं सरकारी शाळांतील गरीब मुलांसाठीं व त्यांच्या शिक्षकांसाठीं सुटींतील वर्ग सुरू केले. ह्या वर्गांत व्याख्यान नसे. प्रश्न मुलांनींच काढावयाचे, त्यांचीं उत्तरें शोधण्याचा प्रयोग मुलांनींच योजावयाचा, चुकला तर पुन्हा करावयाचा. मोठ्या माणसांनीं फक्त जवळ राहावयाचें. हें जवळ राहणें दिसतें तितकें सोपें नाहीं. खडू हातीं असला कीं आम्हां मास्तरांची जीभ आवरत नाहीं. त्यांतून ज्यांना गोडी लागली त्यांना प्रयोगशाळेंत वेतनावर घेत, व शाळेच्या अभ्यासासाठीं एक तरुण पालक-शिक्षक जोडून देत. त्यांपैकीं कांहीं मुलें पुढें डॉक्टरेटपर्यंत गेलीं.

मांगीन्योसनेंहि १९८६ सालीं माध्यमिक शाळांतील मुलांना आपल्या प्रयोगशाळांत संशोधकांच्या हाताखालीं घेण्याची योजना सुरू केली. ती चालविण्याचें काम तेथील आरोग्य-तंत्रशाळेकडे आहे. १९८५ सालीं स्थापन झालेल्या ह्या शाळेला नांव द्यावयाचें तर क्रूझ होते, शागास होते. तें दिलें जोआकिम वेनान्सिओ ह्यांचें. हे कोणी डॉक्टर नव्हते. गुलामांच्या वंशांत जन्मलेला हा मनुष्य मांगीन्योसला अडोल्फो लुट्झ ह्या वृद्ध शास्त्रज्ञाचा प्रयोगशाळा-नोकर होता. लुट्झ ह्यांना बेडकांच्या जातींचा छंद. ते कोठें सांपडतील, कसे पकडावे, कसे जपावे, हें वेनान्सिओ ह्यांस बरोबर माहीत. भांडीं धुण्याकरितां ठेवलेला गडी धन्याबरोबर रानोमाळ हिंडून बेडकांचा जाणकार झाला. लुट्झ १९४० सालीं वारल्यावरहि त्यांच्या मागून येणारे शिकलेले लोक बेडकांविषयीं वेनान्सिओ ह्यांना विचारावयास येत. १९५५ सालीं ते वारले. त्यांच्या नांवाच्या शाळेंतून आतां दरवर्षीं पंधरा-सोळा वर्षांचीं मुलेंमुली प्रयोगशाळेंत जातात, आणि आंत जातांना त्यांच्याजवळ कोणाचीहि चिठ्ठी मागत नाहींत.